प्रश्न वॉर्डातच असतात

वैद्यकीय महाविद्यालयाने रुग्ण बरे करावेत, डॉक्टर घडवावेत आणि ज्ञानात भर घालावी, याबद्दल कुणाचे दुमत नाही. यांपैकी पहिली दोन कामे आपल्याकडे बरीवाईट का होईना, होतात. तिसऱ्याचा हिशेब मांडला की मन खट्टू होते. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांत भारतातल्या वैद्यकीय संस्थांतून किती शोधनिबंध निघाले याची मोजदाद करून ती 2016 मध्ये प्रसिद्ध केली. 579 संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त 25, आणि देशातल्या एकूण निबंधांपैकी 40 टक्के या मूठभर संस्थांचे होते. ही आकडेवारी पुढे आली की ठरलेली कारणे सांगितली जातात: पैसा नाही, यंत्रे नाहीत, ओपीडीतल्या गर्दीमुळे मान वर करायला फुरसत नाही. ही कारणे खोटी नाहीत, पण ती मुळाशी जात नाहीत. आपण संशोधनाला रुग्णसेवेपासून आणि शिकवण्यापासून तोडून वेगळ्या इमारतीत, वेगळ्या विद्यापीठात आणि शेवटी बढतीच्या अर्जातल्या एका रकान्यात नेऊन बसवले, हे मूळ दुखणे आहे. ज्या वॉर्डात प्रश्न जन्माला येतो तिथेच त्याचा पाठपुरावा करण्याची सवय विद्यार्थ्याला लागली नाही, तर कितीही निधी ओतला तरी चित्र फारसे पालटणार नाही.

ही तोडातोड पूर्वी नव्हती. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झाले आणि शेजारचे जे. जे. रुग्णालय ही त्याची शिकवण्याची जागा ठरली. त्याच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पेडण्याजवळच्या मांद्र्याहून आलेल्या या डॉक्टरने व्यवसाय करता करता कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाचे उपचार करून पाहिले. हेन्री व्हँडाइक कार्टर तिथे शरीररचनाशास्त्र शिकवत. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातल्या आकृत्या त्यांच्या हातच्या आहेत. याच माणसाने पायाला सूज आणि नळ्या पाडणाऱ्या मायसेटोमाचा, म्हणजे 'मदुरा फूट'चा अभ्यास केला, 1877 च्या सुमारास मुंबईतल्या उलटत्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सर्पिल जंतू दाखवला आणि कुष्ठरोगावरही काम केले. शिकवणारा, तपासणारा आणि शोधणारा असे तीन वेगळे नोकरदार तेव्हा नव्हते. 1896 मध्ये प्लेग मुंबईत शिरला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांना काम करायला जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातच. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. कैद्यांवर लस आजमावण्याचा निर्णय आजच्या नीतिसमितीपुढे टिकला नसता. पण साथ, रुग्ण, प्रयोग आणि महाविद्यालय हे सगळे तेव्हा एका शहरात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, ही गोष्ट इथे लक्षात घ्यायची.

परळचे शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय 1926 मध्ये उभे राहिले ते एका अटीवर: देणगीदारांनी तिथल्या जागा भारतीय डॉक्टरांनाच मिळाव्यात असा आग्रह धरला होता. सरकारी नोकरीत वरच्या पदांपासून दूर ठेवलेल्या बुद्धिमान माणसांना इथे शिकवायला, उपचार करायला आणि शोध घ्यायला एकच छप्पर मिळाले. त्याचे फळ दोन-तीन दशकांत दिसले. सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर पाहिला आणि 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. पुढे 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना काही जणांचे रक्त कोणत्याच ठाऊक गटात बसेना. 'चाचणी चुकली असेल' असे म्हणून तो नमुना बाजूला सारणे सोपे होते. त्यांनी तो बाजूला सारला नाही, आणि 1952 मध्ये 'लॅन्सेट'मधून 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगापुढे आला. या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही, त्यामुळे या शोधाचा उपयोग आजही रक्तपेढीत रोज होतो. याच महाविद्यालयाच्या अध्यापकांनी 1955 पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवले आहे. या कामांना लागली होती रुग्णांची नीट नोंद, विसंगती दिसली की थांबून पाहण्याची शिस्त, आणि त्या शंकेला दाद देणारे वरिष्ठ. महागडी यंत्रे त्या काळी तिथे होतीच कुठे?

मग फाटा कुठे फुटला? हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि स्वतंत्र संस्था झाली. लस मोठ्या प्रमाणावर बनवायची तर ते आवश्यकच होते. पण पुढे हीच रीत पडली. स्वातंत्र्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एकेका विषयासाठी एकेक संस्था उभारली. पुण्यात विषाणूंसाठी 1952 मध्ये, एड्ससाठी 1992 मध्ये. मुंबईच्या रक्तगट संदर्भ केंद्राला 1957 मध्ये सुरुवात झाली आणि त्यातून वाढलेली इम्युनोहीमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था केईएमच्याच आवारात आहे. या संस्थांनी देशावर उपकार केले आहेत. कोविडच्या काळात पुण्याच्या विषाणू संस्थेशिवाय आपले काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. परंतु या वाटणीची किंमत महाविद्यालयांनी चुकवली. शोध ही तिकडच्या लोकांची जबाबदारी आणि इकडे फक्त शिकवायचे, असा समज रुजला. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात याच्या उलट दिशा दाखवली होती. अध्यापन आणि संशोधन एकत्र नांदावे, विद्यार्थ्याने रोगप्रतिबंध आणि समाज यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, असा तिचा आग्रह होता. तिच्या शिफारशींतून 1956 मध्ये दिल्लीची एम्स झाली. बाकीच्या महाविद्यालयांपर्यंत तो विचार पोचलाच नाही.

एम्सचे एक उदाहरण इथे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण ते या लेखाच्या मुद्द्याच्या अगदी गाभ्याशी आहे. 1980 च्या दशकात तिथले बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले की नवजात बाळांच्या विभागात काही बाळांना रोटाव्हायरसची लागण आहे, पण जुलाब नाहीत. पुढे ही बाळे रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून बरीच सुरक्षित राहिली. त्या विषाणूचा 116ई हा वाण जपला गेला आणि त्यावरून लस घडवायला जवळपास तीन दशके लागली. जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी संशोधक आणि हैदराबादची लसनिर्मिती कंपनी असे अनेक हात त्याला लागले. शेवटची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूच्या परिसरात 6,799 बाळांवर झाली, तिचा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2016 पासून ही लस सरकारी लसीकरणात दिली जाऊ लागली. या लांबलचक साखळीची पहिली कडी आजारी न पडलेल्या बाळांकडे पाहणाऱ्या एका डॉक्टरच्या नजरेत होती. ही नजर शिकवता येते, आणि ती शिकवण्याची जागा वॉर्डच आहे.

दुसरी ताटातूट विद्यापीठाची. पूर्वी महाराष्ट्रातली वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली होती. 1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकापासून आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक आणि नर्सिंगपर्यंतची शेकडो महाविद्यालये त्याच्या छायेखाली आली. परीक्षांचे वेळापत्रक जुळले, अभ्यासक्रम एकसारखा झाला, पदव्या वेळेवर मिळू लागल्या, हा फायदा मान्य केलाच पाहिजे. पण विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी यंत्रणा नव्हे. वैद्यकातला आजचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांच्या सीमेवर उभा असतो. क्षयरोगी औषध अर्ध्यावर का सोडतो, हे एकट्या फुप्फुसरोगतज्ज्ञाला कळणार नाही. डायलिसिसचा खर्च कुटुंबाला कसा पोखरतो, हे मूत्रपिंडतज्ज्ञाला दिसते, पण मोजता येत नाही. ज्याच्या आवारात हे विषय नाहीत अशा विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी त्या माणसांना भेटणार कधी? बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि कानपूरची आयआयटी आता स्वतःच्या वैद्यकीय शाळा उभारत आहेत, हे याच उणिवेचे निदर्शक आहे. अभियांत्रिकीकडून वैद्यकाकडे पूल बांधला जातो आहे. वैद्यकाकडून तो बांधण्याचे काम अजून सुरू व्हायचे आहे.

महाविद्यालयांनी जागा सोडली तेव्हा प्रश्न मात्र थांबून राहिले नाहीत. ते बाहेर जाऊन सुटले. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी मुले पाहिली. हृदयावर नेमका काय परिणाम होतो याच्या त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने मृत्यू रोखता येतात हे दाखवले. ही निरीक्षणे 1980 च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आली. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची प्रतिविष आणि प्राझोसिन यांची तुलनात्मक चाचणीही आली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 1989 मध्ये खेड्यातल्या स्त्रियांच्या झाकून ठेवलेल्या आजारांचे मोजमाप जगापुढे मांडले आणि 1999 मध्ये दाखवून दिले की गावातली प्रशिक्षित बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेते तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होतात. 2011 पासून ती पद्धत आशा कार्यकर्तींच्या हातून देशभर गेली. ही सारी मंडळी महाराष्ट्रातल्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेली. त्यांच्या कामाचा अभिमान बाळगताना एक अस्वस्थ करणारा प्रश्न उरतो: विंचवाचे रुग्ण तर कोकणातून मोठ्या रुग्णालयांतही येत होते, नवजात बाळे प्रत्येक प्रसूती विभागात दगावत होती, मग हे प्रश्न तिथे का विचारले गेले नाहीत? प्रयोगशाळांची वाण गडचिरोलीत आणि बिरवाडीत कितीतरी जास्त होती. तिथे होती ती एका रुग्णसमूहाशी वर्षानुवर्षे टिकलेली बांधिलकी. महाविद्यालयात युनिट बदलते, बदली होते, निवासी डॉक्टर तीन वर्षांत निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा प्रश्नही जातो.

याच ठिकाणी एमडी-एमएसच्या प्रबंधाचा विषय येतो, आणि माझ्या मते सुधारणेची किल्ली तिथेच आहे. देशात पदव्युत्तर जागा दहा वर्षांत सुमारे 31 हजारांवरून 70 हजारांच्या पुढे गेल्या. जवळपास प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे दर वर्षी हजारो तरुण डॉक्टर, प्रत्येकी दोन-तीन वर्षे, एका प्रश्नावर काम करतात. एवढे मनुष्यबळ जगात फार थोड्या देशांकडे असेल. त्याचे होते काय? पन्नास-साठ रुग्ण, आदल्या वर्षीच्या प्रबंधातून थोड्या फेरफाराने उचललेला विषय, शेवटच्या महिन्यात घाईघाईने भरलेले तक्ते, काळी जाड बांधणी आणि ग्रंथालयाचे कपाट. शेजारच्या महाविद्यालयात त्याच वर्षी त्याच विषयावर काम चाललेले असते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. दहा महाविद्यालयांतल्या दहा विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न, एकाच पद्धतीने हाताळला तर पाचशे-सहाशे रुग्णांचा भक्कम अभ्यास उभा राहील. हे जुळवून आणणे आरोग्य विद्यापीठालाच शक्य आहे, कारण सगळी महाविद्यालये त्याच्याच कक्षेत आहेत. ज्या केंद्रीकरणाने परीक्षा सुधारल्या, तेच प्रबंधांच्या कामी लावता येईल.

नियामकांनी मात्र वेगळी वाट धरली. 2009 पासून अध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध बंधनकारक झाले आणि नंतर त्या नियमात अनेक फेरफार झाले. कुठल्या सूचीतले नियतकालिक चालेल, कितव्या क्रमांकाचा लेखक मोजला जाईल, यावरच वाद रंगले. परिणाम अपेक्षित होता तोच झाला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुकाळ झाला आणि निबंधांची संख्या वाढली म्हणून ज्ञान वाढले असे म्हणता येईना. पुढे जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम अध्यापकांना सक्तीचा करण्यात आला. ही त्यातल्या त्यात बरी पायरी आहे, निदान अध्यापकाला नमुन्याचा आकार आणि पूर्वग्रह म्हणजे काय हे ठाऊक होते. आयसीएमआर 1979 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. या योजनेबद्दल कुणी फारसे बोलत नाही, पण अनेकांना शोधाची पहिली चव तिथेच लागली आहे. या योजनेत बक्षीस नंतर मिळते, आधी प्रश्न सुचवावा लागतो. बढतीच्या नियमात हा क्रम उलटा आहे.

वॉर्डातच शोध घ्यावा या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप गर्दीचा. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, रात्री इमर्जन्सी, आणि मधून मधून निवासी डॉक्टरांच्या संपाची पाळी. अशा ठिकाणी शोध कसला करता? हा आक्षेप मी हलका समजत नाही. निवासी डॉक्टरांचे कामाचे तास हा आपल्या आरोग्यव्यवस्थेतला उघड अन्याय आहे. तरीही कोविडने या आक्षेपाला दोन उत्तरे दिली. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'रिकव्हरी' चाचणीने मार्च 2020 पासून नेहमीच्या, गच्च भरलेल्या सरकारी रुग्णालयांतच रुग्णांची नोंद केली. फॉर्म मुद्दाम छोटा ठेवला होता. जून संपायच्या आत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे सिद्ध झाले, आणि हे स्वस्त, जुने औषध जगभर वापरात आले. भारतात आयसीएमआरच्या 'प्लॅसिड' चाचणीत एप्रिल ते जुलै 2020 मध्ये 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराचा अभ्यास झाला आणि त्याचा फायदा होत नाही हे दिसले. त्या वेळी प्लाझ्मासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. साथ ऐन भरात असताना जे जमले ते एरवी का जमू नये? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने ससूनच्या गर्दीतच जॉन्स हॉपकिन्सबरोबर वर्षानुवर्षे एचआयव्ही आणि क्षयावर काम केले आहे. स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीरोधक औषध देण्याचा 2008 मधला निष्कर्ष इथिओपिया आणि युगांडाबरोबर तिथल्या मातांच्या सहभागातून आला. फरक गर्दीने पडला नाही. तिथे नोंदी ठेवायला स्वतंत्र माणसे होती, आणि संशोधन करणाऱ्यांचा वेळ राखून ठेवला होता.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. देशाला उपचार करणारे डॉक्टर हवेत, 2014 मधली 387 महाविद्यालये आज सातशेच्या वर गेली ती त्यासाठीच. प्रत्येकाला संशोधक बनवण्याचा अट्टहास कशाला? अब्राहम फ्लेक्सनर यांच्या 1910 च्या अहवालाचा दाखला इथे दोन्ही बाजूंनी देता येतो. अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकीय शाळा पाहून त्यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या नमुन्याचा, म्हणजे विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्या एकत्र नांदण्याचा, पुरस्कार केला. त्यातून आधुनिक वैद्यक घडले. पण अनेक शाळा बंद पडल्या, कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी दोनच उरल्या, आणि गरीब वस्त्यांना डॉक्टर मिळणे आणखी अवघड झाले. म्हणून गडचिरोली किंवा नंदुरबारच्या नव्या महाविद्यालयाने हॉपकिन्स व्हावे असे मी म्हणणार नाही. पण शोध म्हणजे फक्त रेण्वीय प्रयोगशाळा असे मानण्याचे कारण नाही. आपल्या वॉर्डात न्यूमोनियाच्या किती रुग्णांना चुकीचे प्रतिजैविक दिले गेले, हे मोजणे हाही शोधच आहे, आणि तो केलेला डॉक्टर पुढे आयुष्यभर अधिक सावधपणे औषध लिहितो. आज इंटर्नशिपचे वर्ष 'नीट-पीजी'च्या बहुपर्यायी प्रश्नांत वाहून जाते. परीक्षेने दिलेल्या चार पर्यायांतून उत्तर निवडण्यात पारंगत झालेल्या मुलाला पर्याय न देणारा रुग्ण अवघड वाटणारच.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. सरकारी रुग्णालयात येणारा गरीब माणूस 'नाही' म्हणू शकतो का? आंध्र आणि गुजरातमधल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पावर 2010 मध्ये उठलेले वादळ, त्यातली संमतीची हेळसांड, आपण विसरता कामा नये. 2019 चे नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम त्या वादळानंतरचे आहेत. मुंबईतून 1993 पासून निघणारे, आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नावाने ओळखले जाणारे नियतकालिक हा जागर सातत्याने करत आले आहे, याचे मोल फार आहे. पण जिथे संशोधन होतच नाही तिथला गरीब सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे. तिथे त्याच्यावर प्रयोग होतातच, फक्त त्यांची नोंद होत नाही: न तपासलेली औषधे, सवयीने लिहिलेली प्रतिजैविके, पुराव्याशिवाय केलेल्या शस्त्रक्रिया. संमती मराठीत, रुग्णाला समजेल अशा शब्दांत आणि घाई न करता घेण्याचे शिक्षण विद्यार्थ्याला मिळाले पाहिजे, आणि ते केवळ व्याख्यानातून मिळणारे नाही.

हे सगळे जिथे येऊन ठेपते ती वस्तू म्हणजे केस पेपर. आपल्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत तो अजून कागदी आहे, फाटतो, हरवतो, आणि रुग्ण दुसऱ्यांदा आला की नवा निघतो. कार्टर आणि बावस्कर यांच्या हाती नीट नोंदी होत्या, त्या त्यांनी स्वतः ठेवल्या होत्या. आजच्या निवासी डॉक्टरला त्या ठेवणे अशक्य झाले आहे. प्रत्येक विभागाला नोंदी सांभाळणारा एक कायम कर्मचारी, प्रत्येक महाविद्यालयात पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ आणि प्रबंधाचे विषय ठरवायला विद्यापीठपातळीवर विभागवार गट, एवढ्यावर खर्च एका नव्या एमआरआय यंत्रापेक्षा जास्त होईलही, पण तो दर वर्षी हजारो प्रबंधांना अर्थ देईल. पीजी विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात घालवायचे असा नियम आता आहे आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला कुटुंबे दत्तक घ्यायची आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान महाविद्यालय 1969 पासून गावे दत्तक घेत आले आहे, तेव्हा ही कल्पना नवी नाही. जिल्हा रुग्णालयातले ते तीन महिने प्रबंधाच्या कामात धरले जावेत, त्या जिल्ह्यातला एखादा प्रश्न पुढच्या तुकडीने तिथूनच पुढे न्यावा, आणि तो सुटेपर्यंत मार्गदर्शक बदलला तरी प्रश्न बदलू नये, एवढा नियम करायला नव्या कायद्याची गरज पडणार नाही.